सेवा, श्रम आणि सांधे
(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाची लिखित प्रत)



श्रींच्या उत्सवात या सभामंडपात उभे राहून चार शब्द बोलण्याचा मान मिळावा, हे मी माझे भाग्य समजतो. या जागेवरून आजवर थोर कीर्तनकारांनी निरूपणे केली, विद्वानांनी देवस्थानचा इतिहास उलगडून दाखविला. मी ना कीर्तनकार, ना इतिहासाचा अभ्यासक. डिचोली तालुक्यात पुष्कळ वर्षे दवाखाना चालविलेला मी एक सामान्य डॉक्टर. माझे आजोळ पेडण्याचे, म्हणून तिकडचेही रोगी माझ्याकडे येत असत. समितीने आरोग्यावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हृदयविकार, कर्करोग असे मोठे विषय बाजूला ठेवून मी एका लहानशा, जिवावर सहसा न बेतणाऱ्या विकाराची निवड केली. त्याचे नाव बर्सायटिस. ही निवड मी का केली, हे व्याख्यानाच्या शेवटी सांगेन. तिच्यात माझी स्वतःची एक चूक गुंतलेली आहे, आणि तिची कबुली याच मंडपात द्यावी असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

प्रथम शब्दाची ओळख करून घेऊ. आपल्या घरांतील वृद्ध माणसे खिशाला ‘बोल्स’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला, आणि त्याचे मूळ आहे लॅटिन भाषेतील ‘बुर्सा’, म्हणजे थैली. हीच थैली वैद्यकशास्त्रात ‘बर्सा’ या नावाने ओळखली जाते. तेव्हा शब्द परका वाटला तरी त्याचे भावंड आपल्या सदऱ्याला शिवलेलेच आहे! मनुष्याच्या शरीरात अशा दीडशेच्या आसपास थैल्या आहेत. जेथे हाडावरून कातडी सरकते, किंवा स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, म्हणजे कंडरा, घासते, तेथे निसर्गाने ही पातळ थैली ठेवून दिली आहे. तिच्या आत निसरड्या द्रवाचा केवळ पातळ थर असतो. बैलगाडीच्या आसाला वंगण जे काम करते, तेच काम ही थैली हाडापाशी करते. निरोगी अवस्थेत ती इतकी चपटी असते की तिचे अस्तित्वही आपणास जाणवत नाही. तिला दाह झाला म्हणजे आत द्रव साचू लागतो, भिंती जाड होतात, आणि कधी लिंबाएवढी तर कधी पेरूएवढी सूज दिसू लागते. काही ठिकाणी सूज दिसत नाही, दुखणे मात्र असते. यालाच बर्सायटिस म्हणतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. हा विकार कोणाला जडतो आणि का जडतो? ‘वय झाले, सांधे कुरकुरणारच’ असे म्हणून आपण बहुतेक दुखणी वयाच्या खात्यावर जमा करतो. वय हे एक कारण आहे, हे खरे. वाढत्या वयाबरोबर कंडरा कमकुवत होतात आणि झीज भरून येण्यास वेळ लागतो. परंतु केवळ वयाने हा रोग होत असता, तर एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एकाच्या गुडघ्यावर गाठ आणि दुसऱ्याचा गुडघा साफ, असे का दिसावे? याचे उत्तर माणसाच्या जन्मपत्रिकेपेक्षा त्याच्या दिनक्रमात अधिक सापडते.

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे एकाच जागी पुनःपुन्हा पडणारा दाब. इटलीतील बेर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तुझा धंदा कोणता?’ हाही प्रश्न विचारावा, ही त्याची शिकवण वैद्यकात आजही आदराने सांगितली जाते. बर्सायटिसच्या बाबतीत तर हा प्रश्न निम्मे निदान करून देतो. या विकाराची जुनी इंग्रजी नावेच पाहा. गुडघ्याच्या वाटीवरील सुजेला ‘हाउसमेड्स नी’, म्हणजे मोलकरणीचा गुडघा. वाटीच्या किंचित खाली येणाऱ्या सुजेला ‘क्लर्जिमन्स नी’, म्हणजे पाद्र्याचा गुडघा. कोपराच्या टोकावरील सुजेला ‘स्टुडंट्स एल्बो’, म्हणजे विद्यार्थ्याचे कोपर. आणि बैठकीच्या हाडावरील दाहाला ‘वीव्हर्स बॉटम’, म्हणजे विणकराची बैठक. प्रत्येक नावात एक धंदा आहे. मोलकरीण फरशी पुसताना पुढे वाकते, म्हणून तिचा भार वाटीवर पडतो. पाद्री गुडघे टेकून ताठ उभा राहतो, म्हणून त्याचा भार थोडा खाली पडतो. दोघांचेही गुडघे टेकलेले. पण बसण्याच्या ढबीत दोन बोटांचा फरक, म्हणून रोगाच्या जागेतही दोन बोटांचाच फरक!

ही नावे विलायतेतील असली, तरी ते धंदे आपल्या दारातलेच आहेत. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत नवी घरे, नव्या इमारती सारख्या उठत आहेत. मोपा येथे २०२२ साली विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या परिसरात बांधकामाला आलेली गती आपण सर्वांनी पाहिली. या घरांत लाद्या बसविणारा कारागीर दिवसाचे कित्येक तास उघड्या सिमेंटवर गुडघे टेकून असतो. बर्सायटिसचा धोका ज्या धंद्यांत सर्वांत अधिक, त्यांत त्याचा धंदा अग्रभागी आहे. चिरेखाणीवर वाकून, गुडघा टेकून काम करणारा मजूर, माडावर चढताना खोडाला गुडघे आणि पावले घासणारा पाडेली, चाकापाशी बसलेला डिचोलीचा कुंभार, हे सारे या ना त्या थैलीवर रोज भार टाकतात. खनिजवाहू ट्रकाच्या कठीण आसनावर दिवस दिवस बसलेल्या चालकाची बैठकीची थैली दुखावते. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे काही सुरू झाल्या आणि २०१८ साली पुन्हा थांबल्या. तेव्हा माझ्या ओळखीच्या काही चालकांनी बांधकामावर रोजंदारी धरली. त्यांचे बैठकीचे दुखणे गेले आणि गुडघ्याचे आले. रोगाने माणूस सोडला नाही, फक्त जागा बदलली.

आता आपण आपल्या घरात येऊ. आडोळीवर बसून नारळ खोवणारी गृहिणी एक पाय मुडपून बसते. भजनाला बसणारे आपण सर्वजण, पखवाज वाजविणारे, पौरोहित्य करणारे, सारे तासन् तास मांडी घालतो. आपल्यापैकी कित्येकांच्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर काळसर घट्टा पडलेला आहे. संकोच वाटत नसेल तर आताच हात लावून पाहा. त्या घट्ट्याखाली वारंवार दाब आणि घर्षण पडल्यामुळे निर्माण झालेली थैली असू शकते. ती शांत असेपर्यंत काळजीचे कारण नाही. ती सुजली, लाल झाली, तर मात्र बसण्याची सवय बदलावी लागते. आणि टेबलावर कोपर टेकून हिशेब लिहिणाऱ्या आमच्या खजिनदारांनी ‘विद्यार्थ्याचे कोपर’ हे नाव स्वतःलाही लागू समजावे, अशी त्यांना प्रेमाची सूचना आहे.

दुसरे कारण म्हणजे तीच ती हालचाल. खांद्याच्या वरच्या हाडाखाली एक मोठी थैली आहे. हात डोक्याच्या वर नेऊन वारंवार काम केले, की तेथील कंडरा आणि ती थैली चिमटीत सापडल्याप्रमाणे दुखावतात. भिंतीला रंग देणारा, आंबे उतरविणारा, चवथीला माटोळी बांधणारा, यांना खांद्याचे दुखणे याच मार्गाने येते. माटोळी वर्षातून एकदाच बांधायची असते, म्हणून तिचे दुखणे चार दिवसांत विसरले जाते. रंगाऱ्याचे मात्र विसरले जात नाही.

येथून तिसऱ्या कारणाकडे जाता येईल. सवय नसताना एकदम अंगावर घेतलेले काम, किंवा एखादा जोराचा आघात. वर्षभर मुंबई-पुण्याकडे कचेरीत बसणारे आमचे तरुण महाजन उत्सवासाठी गावी येतात आणि मोठ्या उत्साहाने पालखीला खांदा देतात. ही सेवा त्यांच्याकडून घडावी, हे उचितच आहे. परंतु पालखीचा दांडा जेथे टेकतो, तेथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये फारसे मांस नसते. सवय नसलेल्या खांद्यावर तो भार दोन-दोन तास राहिला, की दुसऱ्या दिवशी हात वर जात नाही. दसऱ्याला तरंगे धरणाऱ्यांच्या कोपरांवर आणि खांद्यांवर येणारा ताणही याच जातीचा.

चौथे कारण शरीराच्या आतले. संधिवात, रक्तातील युरिक आम्ल वाढल्यामुळे होणारा गाउट, मूत्रपिंडाचे विकार आणि मधुमेह असलेल्या माणसाला हा दाह अधिक सहज होतो. यांपैकी मधुमेहाकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : प्रौढ व्यक्तींमध्ये शेकडा २६.४. म्हणजे या मंडपात बसलेल्या चार प्रौढांपैकी एकाला हा रोग असण्याचा संभव आहे, आणि त्याला तो ठाऊक असेलच असे नाही. मधुमेह असता जखम सावकाश भरते आणि जंतू लवकर घर करतात, हे ध्यानात ठेवावे. याचा संबंध पुढे येणार आहे.

पाचवे कारण म्हणजे शरीराची ठेवण. वजन अधिक असणे, एक पाय किंचित आखूड असणे, गुडघ्याची झीज झाल्यामुळे लंगडत चालणे, यांनी कंबरेच्या बाजूचा आणि गुडघ्याच्या आतल्या अंगाचा भाग दुखावतो. कुशीवर झोपले की कंबरेचे बाहेरचे हाड दुखते, अशी तक्रार चाळिशीनंतरच्या स्त्रिया पुष्कळ करतात. पूर्वी आम्ही डॉक्टर या सर्व दुखण्याला बर्सायटिस म्हणत असू. आता असे दिसून आले आहे की त्यांतील बहुतेकांत मूळ दोष कंडरांचा असतो आणि थैलीचा दाह काहींतच असतो. म्हणून अशा दुखण्यात केवळ विश्रांती न घेता, जाणकाराच्या देखरेखीखाली नितंबाचे स्नायू बळकट करणारा व्यायाम अधिक उपयोगी पडतो.

ही झाली कारणे. उपायांबद्दल थोडक्यात सांगतो. साधा बर्सायटिस बहुधा काही आठवड्यांत बरा होतो. ज्या कामाने तो झाला ते काही काळ थांबविणे, त्या जागेवर दाब येऊ न देणे, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने दाह कमी करणारी गोळी घेणे, एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. परंतु सूज लाल झाली, हाताला गरम लागू लागली, ताप आला, किंवा तेथे जखम असली, तर जंतू आत शिरल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गुडघा आणि कोपर यांवरील थैल्या कातडीच्या लगेच खाली असतात. तेथील किरकोळ ओरखडाही जंतूंना दार उघडून देतो. मग सुईने द्रव काढून तपासावा लागतो आणि जंतुनाशक औषधे पुरेसे दिवस द्यावी लागतात. अशा गाठीला घरी सुई टोचणे, काट्याने फोडणे किंवा तापल्या लोखंडाचा डाग देणे म्हणजे ते दार आपल्याच हाताने सताड उघडण्यासारखे आहे.

आता मी आरंभी दिलेल्या शब्दाप्रमाणे माझी कबुली देतो.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना त्या वृद्ध सेवेकरीण आठवतील. त्यांचे नाव घेत नाही; सारे त्यांना मावशीच म्हणत. अग्रशाळेची जमीन शेणाने सारवणे, सभामंडप पुसणे, उत्सवाची भांडी घासणे, हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले. पुढे शेणाच्या जमिनीच्या जागी लाद्या आल्या. आपण सर्वांनी देवालयाची शोभा वाढली म्हणून आनंद मानला. मावशींचे गुडघे मात्र मऊ जमिनीवरून कठीण लादीवर आले. त्यांच्या उजव्या गुडघ्यावर एक गाठ होती. मी लहानपणापासून ती पाहत आलो होतो. आजी म्हणे, ‘ती देवाची सेवा केल्याची खूण आहे.’ मी शिकून डॉक्टर झालो, दवाखाना थाटला, दर उत्सवात या मंडपात पुढच्या रांगेत बसलो, आणि त्या गाठीकडे आजीच्याच डोळ्यांनी पाहत राहिलो. लाद्या बसविणाऱ्या परक्या कारागिराला मी ‘तुझा धंदा कोणता?’ असे विचारीत होतो. परंतु ज्यांचा धंदा मला पाठ होता, त्यांचा गुडघा मी एकदाही हातात घेऊन पाहिला नाही.

एका वर्षी जत्रेच्या आधीच्या आठवड्यात ती गाठ सुजली. कामाची गर्दी होती. मावशींनी कोणाला सांगितले नाही. शेजारच्या कोणाकडून डाग देऊन घेतला आणि काम चालू ठेवले. पाचव्या दिवशी त्यांना तापात भ्रम झाला, तेव्हा त्यांचा मुलगा मला बोलावण्यास आला. गुडघा मांडीपर्यंत लाल झाला होता. रक्त तपासले तर साखर पुष्कळ वाढलेली. ती किती वर्षे वाढलेली होती, कोण जाणे. कोणी तपासलीच नव्हती. पणजीला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. देवाच्या कृपेने मावशी वाचल्या. परंतु तो पाय पुढे पुरता वाकला नाही. शेवटची काही वर्षे त्या मंडपाच्या पायरीवर बसून वाती वळीत असत. मी समोरून गेलो की म्हणत, ‘दोतोर, आता लादी कोण पुसता रे?’ त्यांच्या बोलण्यात रोष नव्हता. त्यांना खरोखरच लादीची काळजी होती. म्हणूनच तो प्रश्न मला आजही ऐकू येतो.

महाजन बंधुभगिनींनो, महाजनपण हा आपला मान आहे, तसा तो आपल्यावरील भारही आहे. देवालयाच्या भिंतीला तडा गेला तर आपण वर्गणी काढतो, शिखराचा कळस झिजला तर त्याला मुलामा देतो. ज्यांच्या गुडघ्यांवर या मंडपाची स्वच्छता उभी आहे, त्यांची झीजही आपल्या हिशेबात धरली जावी. यासाठी मी समितीसमोर चार विनंत्या ठेवतो. त्यांना फार पैसा लागणार नाही.

एक : फरशी पुसण्यासाठी लांब दांड्याची साधने द्यावीत, आणि जेथे गुडघे टेकणे अटळ आहे, तेथे काथ्याचे किंवा रबराचे जाड आसन गुडघ्याखाली असावे. ते आसन देवालयाच्या सामानात नोंदलेले असावे, म्हणजे ते मागण्याचा संकोच कोणाला वाटणार नाही.

दोन : पालखीचे भोई ठराविक अंतराने बदलावेत, खांदा आलटून पालटून द्यावा, आणि दांड्याखाली जाड घडीचे वस्त्र असावे. नव्या तरुणांनी पहिल्या दिवशी थोडाच वेळ खांदा द्यावा.

तीन : दरवर्षी उत्सवाच्या आधी देवालयाच्या सर्व सेवेकऱ्यांची रक्तातील साखर आणि सांधे यांची तपासणी व्हावी. हे काम मी हयात आहे तोवर विनामूल्य करीन. माझ्यानंतर आपल्या कुटुंबांत आता डॉक्टरांची वाण नाही.

चार : कोणाच्या अंगावर लाल, गरम गाठ दिसली, तर उत्सवाचे काम कितीही असो, त्या व्यक्तीला त्याच दिवशी कामातून मोकळे करावे. काम सोडल्याने सेवेत खंड पडेल, ही भीती तिच्या मनात राहता कामा नये. ती भीती दूर करणे आपल्याच हाती आहे.

आणि एक विनंती प्रत्येक घरासाठी. आज घरी गेल्यावर, आपल्या घरात खाली बसून, वाकून, गुडघे टेकून काम कोण करते, एवढे एकदा पाहा. ती आई असेल, सून असेल, कामाला येणारी बाई असेल. तिच्या गुडघ्याला, घोट्याला काय झाले आहे, हे तिला विचारा. तिने ‘काही नाही’ म्हटले तरी दुसऱ्यांदा विचारा. मी दुसऱ्यांदा तर सोडाच, पहिल्यांदाही विचारले नव्हते.

श्रींनी आपणा सर्वांना सुदृढ ठेवावे, आणि श्रींची सेवा करणाऱ्या हातांची व गुडघ्यांची काळजी घेण्याची बुद्धी आपणास द्यावी, अशी प्रार्थना करून मी माझे भाषण पुरे करतो.